थंडीत टेरेसवर घरचा सिनेमा: आधी काय, मग काय आणि कुठं चुकतंय

तुळशीचं लग्न झालं की बेळगावकडं थंडी बसायला लागते आणि गल्लीत कुणी ना कुणी प्रोजेक्टर मागवतंच. मग शनिवारी चादर बांधायची, चित्र फिकं दिसतंय, आवाज ओठांच्या मागनं येतोय, साडेनऊला पोरं कुडकुडत खाली पळाली, आणि ते मशीन पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर. लोक म्हणतात मशीनच बोगस निघालं. कधीकधी निघतंयही, पण बहुतेक घरात गडबड क्रमाची असते. आधी मशीन घेतलं, मग ते कुठं ठेवायचं ते बघितलं, मग पडदा शोधला, आणि दव पडतंय हे तर गाद्या भिजल्यावरच कळलं.

म्हणून इथं मशीन चौथ्या नंबरला आहे, त्याच्या आधी नाही, आणि मधले टप्पे गाळू नका. बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडच्या स्लॅबच्या घरांना धरून लिहिलंय. खानापूरकडं नाहीतर चिकोडी, निपाणीच्या खेड्यात कौलारू घर असेल तर टेरेसच्या जागी अंगण नाहीतर परसू धरा, बाकी तेच. घरात जिना चढू न शकणारी आज्जी असेल तर स्लॅबच्या घरातही अंगणच बरं, तिला वगळून वर बसायचं म्हणजे निम्मी मजा गेली.

टप्पा १: जागा रात्री जाऊन ठरवा

दिवसा टेरेसवर उभं राहून "ही भिंत मस्त आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. रात्री साडेसातला, करंट असताना, रस्त्याचे दिवे चालू असताना वर जा. खरी अडचण त्या दिव्यांचीच असते. चंद्राला लोक उगाच घाबरतात, पौर्णिमेच्या चांदण्यानं पडद्याला फार फरक पडत नाही, पण समोरच्या खांबावरचा पांढरा एलईडी दिवा सरळ पडद्यावर आला की काळा रंग राखाडी होतो आणि रात्रीचे सगळे सीन वाया जातात. तशीच शेजाऱ्यांच्या जिन्यावरची ट्यूब.

पडद्याचं तोंड दिव्याकडं नको, पाठ दिव्याकडं हवी. म्हणजे दिवा पडद्याच्या मागं राहतो. मात्र तसं केलं तर पातळ चादर चालणार नाही, मागचा उजेड आरपार येतो, ते टप्पा ३ मध्ये बघू.

वारा कुठनं येतोय तेही त्याच वेळी बघा. थंडीत आपल्याकडं बऱ्याचदा पूर्वेकडनं कोरडा वारा असतो. पाण्याची टाकी नाहीतर जिन्याची खोली वाऱ्याच्या बाजूला येईल असं बसलात तर अर्धी थंडी तिथंच अडते.

तपासणी: पडदा जिथं येणार तिथं वर्तमानपत्र धरा. बारीक अक्षर आरामात वाचता आलं तर तिथं उजेड जास्त आहे, दुसरा कोपरा बघा.

इशारा: कठड्याला लागून पडदा बांधायचा आणि तो ओढायला बाहेर वाकायचं, हे करू नका. कठडा तीन फुटांपेक्षा कमी असेल तर लहान पोरांना घेऊन टेरेसवर बसूच नका, खाली या. अंधारात पोरं कुठं पळतायत ते कुणालाच दिसत नाही.

टप्पा २: टेप घेऊन मापं काढा

तीन मापं कागदावर लिहा. पडद्याला रुंदी किती मिळते, पडद्यापासून मागं सरळ किती फूट मोकळी जागा आहे, आणि जवळचा प्लग किती लांब आहे.

हल्लीच्या बहुतेक प्रोजेक्टरचं चित्र १६ ला ९ या प्रमाणात असतं. म्हणजे ८ फूट रुंद पडदा असला तर उंची साडेचार फूट, आणि टीव्हीच्या भाषेत बोलायचं तर तो ११० इंची होतो. ६ फूट रुंदीला उंची साधारण ३ फूट ५ इंच, म्हणजे ८२-८३ इंची. घरच्या आठ-दहा माणसांना ६ फूट खरंच पुष्कळ होतं. सगळ्यांना ११०, १२० इंचाची हौस असते, आणि चित्र फिकं पडण्याचं एक मोठं कारण ती हौसच आहे.

आता अंतर. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो म्हणून एक आकडा असतो. पडद्याच्या रुंदीला त्यानं गुणायचं, आलं ते मशीनचं पडद्यापासूनचं अंतर. रेशो १.३ असेल आणि रुंदी ८ फूट, तर साधारण साडेदहा फूट. स्वस्त मशीनमध्ये बहुतेक वेळा खरा झूम नसतो, त्यामुळं हे अंतर हलवता येत नाही. मेनूत जो झूम दिसतो तो फक्त चित्र आत ओढून लहान करतो.

हे आधी का करायचं? कारण टेरेसवर मधोमध टाकी, सोलर हीटर, कपडे वाळवायच्या तारा असतात. साडेदहा फुटांवर नेमका सोलरचा पाय येतो आणि मग लोक मशीन बाजूला सरकवून चित्र वाकडं करून घेतात.

टप्पा ३: पडदा

घरातली पांढरी चादर हा सगळ्यात जास्त केला जाणारा उद्योग. एखाद्या दिवशी बघायला चालते, पण तिच्यातनं बराच उजेड मागं निघून जातो, चुण्या पडतात, आणि वारा आला की माणसांचे चेहरे हलायला लागतात. पर्याय तीन आहेत.

पहिला, भिंत. जिन्याच्या खोलीची भिंत गुळगुळीत असेल तर पुट्टी मारून मॅट पांढरा रंग द्या, संपला विषय. वारा नाही, बांधाबांध नाही, दर वेळी अर्धा तास वाचतो. चकाकणारा ऑइल पेंट मात्र देऊ नका, मधोमध एक उजळ डाग दिसत राहतो आणि डोळे दुखतात.

दुसरा, कापड. पडद्याच्या कापडाच्या दुकानात ब्लॅकआउट कापड मागा, खिडकीतनं ऊन येऊ नये म्हणून लावतात ते. पांढरं, मॅट, आरपार न दिसणारं हवं. दुकानातच मोबाईलचा टॉर्च मागनं लावून बघा. लांबीला जोड येऊ देऊ नका, एकाच पन्ह्यात बसेल तेवढीच उंची धरा, नाहीतर शिवण सिनेमाभर दिसते. चारी कडा दुमडून शिवून घ्या आणि दर फूट-दीड फुटावर रिंगा मारून घ्या. खालच्या कडेला पाइप जाईल एवढी बाही शिवायला सांगा.

तिसरा, फ्लेक्स. गणपतीतला जुना बॅनर उलटा करून लावणारे बरेच आहेत. मागची बाजू बऱ्याचदा पिवळट किंवा करडी असते, घडीच्या रेघा राहतात आणि फ्लेक्स चमकतो. घ्यायचाच असेल तर कोरा, काळ्या पाठीचा आणि त्यातल्या त्यात कमी चमकणारा घ्या, आणि घडी न घालता पाइपला गुंडाळून ठेवा.

बांधताना वरनं सुरू करा, मग दोन्ही बाजू, शेवटी खालची कड. उलट केलं की चुण्या मधेच अडकतात. बांबू नाहीतर जीआय पाइपची चौकट करा आणि रिंगांतनं सुतळी न घालता ताणणारी रबरी दोरी घाला, गाडीच्या कॅरियरला सामान बांधतो ती. ८ फुटाचं कापड वाऱ्यात होडीच्या शिडासारखं भरतं, सुतळीनं आवळलेलं असेल तर चौकट खाली येते नाहीतर रिंग फाटते, रबरी दोरी थोडी सोडते आणि परत ओढून घेते.

तपासणी: बांधून झाल्यावर चौकट हातानं जोरात हलवा. हलली तर वाळूची पोती पायात टाका. कुंड्या नकोत, त्या पडतात आणि फुटतात.

टप्पा ४: आता मशीन

इथं जरा थांबून वाचा, पैसे इथंच जातात.

जाहिरातीत ८०००, ९००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडं बघू नका. एन्सी (ANSI) लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, असं स्पष्ट लिहिलेलं किती आहे ते शोधा, नाहीतर आयसो (ISO) लुमेन. दोन्ही कुठंच दिलं नसेल तर ते मशीन सोडून द्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

किती हवेत? पुरत्या अंधारात पडद्याच्या दर चौरस फुटाला १४-१५ एन्सी लुमेन मिळाले की चित्र थेटरात दिसतं तेवढं उजळ दिसतं. ८ बाय साडेचार म्हणजे ३६ चौरस फूट, म्हणजे ५०० च्या आसपास. ६ फुटी पडदा साधारण २० चौरस फुटांचा, म्हणजे ३०० पुरे. आता २०० वालं मशीन ८ फुटाच्या पडद्यावर मारलं तर दर फुटाला जेमतेम साडेपाच मिळतात, मग फिकं दिसणारच की. आणि हा हिशोब पुरत्या अंधाराचा आहे, टेरेसवर आजूबाजूचा उजेड असतोच, म्हणून जमलं तर दुप्पट धरा. नाहीतर पडदा लहान करा, त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी फसवणूक रिझोल्युशनची. "१०८० पी सपोर्ट" म्हणजे तेवढी फाइल ते वाचतं, दाखवतं तेवढं नाही. नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे मशीन स्वतः खरंच दाखवतं ते, किती ते बघा. नेटिव्ह ४८० पी वाल्यावर सबटायटलची अक्षरं फाटलेली दिसतात. आपल्याकडं हे जास्त महत्त्वाचं, घरात मराठी, शेजारच्या काकू कन्नड बोलणाऱ्या, सिनेमा हिंदी, पोरांना इंग्रजी हवं, सबटायटलशिवाय भागत नाही. आणि कन्नड अक्षरं बारीक आकारात फाटली की काहीच कळत नाही.

तिसरं, कनेक्शन. एचडीएमआय हवंच, ३.५ एमएमचं ऑडिओचं भोक हवं, यूएसबी असलं तर बरं.

पहिल्या वर्षी विकत घेऊच नका असं माझं मत आहे. लग्नाचं डेकोरेशन, साऊंड करणाऱ्यांकडं प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, लग्नसराई नसलेल्या शनिवारी भावही कमी करतात. ऑफिस-शाळेत वापरायचे मोठे दिव्याचे प्रोजेक्टर बऱ्याचदा ३००० एन्सी लुमेनच्या पुढचे असतात, टेरेसवर लख्ख दिसतात. फक्त आणताना त्यांच्या दुकानात चालू करून बघा, चित्रात पिवळेपणा किंवा ठिपके आहेत का, आणि रिमोट आहे का. रिमोट हमखास नसतो.

इशारा: दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. दिवा तापलेला असतो, पंखा मधेच बंद पडला की त्याचं आयुष्य कमी होतं. दिवा गेला की भाड्यापेक्षा भरपाई जास्त होते.

टप्पा ५: करंट

खालनं वर वायर नेताना घरातला पांढरा दोन मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड एकाला एक जोडून नेऊ नका. जाड वायरचा, तीन पिनचा, अर्थिंग असलेला एकच लांब बोर्ड इलेक्ट्रिशियनकडनं करून घ्या, दीड स्क्वेअर एमएमची वायर भरपूर झाली. बोर्ड स्लॅबवर ठेवायचा नाही, स्टुलावर नाहीतर उलट्या बादलीवर ठेवायचा. रात्री स्लॅब ओला होतो आणि पोरं अनवाणी असतात. घरच्या मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्तानं बसवून घ्या.

इशारा: थंडी वाजते म्हणून त्याच बोर्डावर २००० वॅटचा हीटर लावणारे महाभाग आहेत. २३० व्होल्टला तो ८-९ अँपिअर खातो, ६ अँपिअरचा बोर्ड वितळतो. हीटर वर नकोच.

करंट जायचाच, त्यामुळं इन्व्हर्टरचा पॉइंट असेल तर तिथनंच वायर घ्या. एलईडी प्रोजेक्टर साधारण १०० वॅट आणि स्पीकर ५० धरा, एकूण १५०. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, निम्मीच मिळाली तरी घरातला एखादा दिवा धरून अडीच-तीन तासाचा सिनेमा आरामात निघतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. भाड्याचा मोठा दिव्याचा प्रोजेक्टर ३०० वॅटपर्यंत ओढतो, तिथं हिशोब परत करा.

टप्पा ६: आवाज

उघड्यावर आवाज विरून जातो. खोलीत तोच स्पीकर दणदणतो, टेरेसवर भिंती नसल्यामुळं पातळ वाटतो, आणि सगळ्यात आधी जाड आवाज जातो. म्हणून लोक मोठा स्पीकर आणतात आणि शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेतात. त्यापेक्षा दोन लहान स्पीकर पडद्याच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यात, मागं भिंत नाहीतर कठडा येईल असे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. बसणारे जवळ ओढा. आवाज वाढवण्याऐवजी माणसं पुढं आणणं केव्हाही स्वस्त.

ब्लूटूथची भानगड सांगतो. ब्लूटूथनं आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होतो, गाण्याला कळत नाही पण बोलताना ओठ आधी हलतात आणि शब्द मागनं येतात. साधी ऑडिओ वायर लावा, प्रश्न मिटला. वायर शक्य नसेल तर मशीनच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये ऑडिओ सिंक असतं, तिथं आवाज थोडा पुढं ओढता येतो.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला कायद्यानंच बंदी आहे, आणि राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. हे आपल्याला माहीत असतं आणि आपण विसरतो. जानेवारीनंतर एक गोष्ट जास्त सांभाळा, शेजारी एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसीची (अकरावी-बारावी) पोरं असतात, प्रिपरेटरी म्हणजे सराव परीक्षा चालू असते. आदल्या दिवशी जाऊन "वहिनी, उद्या वर सिनेमा लावतोय, साडेनऊला बंद करतो, तुम्हीपण या" एवढं सांगितलं की कुणी तक्रार करत नाही, उलट चकल्या घेऊन येतात.

टप्पा ७: सिनेमा कशातनं लावणार ते आधी पक्कं करा

पडदा झाला, मशीन झालं, पंधरा माणसं बसली आणि आता मोबाईल जोडायला गेलं की पडदा काळा. आवाज येतोय, चित्र नाही. हे बिघाड नाही. ओटीटीची बरीच ॲप मोबाईलची स्क्रीन अशी मिररिंगनं दुसरीकडं दाखवूच देत नाहीत, चोरी होऊ नये म्हणून. स्वस्त प्रोजेक्टरच्या आतलं अँड्रॉइडही काही ॲपना चालत नाही. सरळ उपाय म्हणजे टीव्हीला लावतो ती स्टिक किंवा लॅपटॉप एचडीएमआयनं जोडा. केबल १० मीटरच्या आत ठेवा.

वायफाय खालच्या मजल्यावर असेल तर स्लॅबमधनं वर येताना मार खातं. २.४ गिगाहर्ट्झवालं नेटवर्क निवडा, ५ वालं स्लॅबला दबतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, पॅक बघून ठेवा.

पेनड्राइव्हवरनं लावणार असाल तर दोन गोष्टी. एक, फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि दुसऱ्या फॉरमॅटमधला पेनड्राइव्ह काही प्रोजेक्टर ओळखत नाहीत. दोन, चित्र येतं आणि आवाज येत नाही, याचा अर्थ त्या फाइलमधला डॉल्बी किंवा डीटीएस आवाज मशीनला कळत नाही. लॅपटॉपवरनं लावा, तिथं हा त्रास नाही.

लॅपटॉपवर झोपायचं सेटिंग बंद करा, चार्जर लावा, आणि नोटिफिकेशन बंद. हे शेवटचं गंमत म्हणून सांगत नाही, ११० इंची पडद्यावर "मावशीचं काय ते पैशाचं मिटलं का" असा मेसेज मावशीच्या देखत आला की पुढचा सिनेमा कुणी बघत नाही.

जुन्या लग्नाची सीडी लावायची टूम हमखास निघते, आणि लावावीच, आज्ज्यांना त्यात जास्त रस असतो. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं, ८ फुटांवर ताणलं की माणसं ओळखू येत नाहीत. मशीन पुढं घेऊन चित्र तीन-चार फुटांचं करा, आणि ४ ला ३ हे प्रमाण ठेवा, नाहीतर नवरा-नवरी दोघंही जाडी दिसतात.

आणि हे सगळं घरच्यांपुरतं. गल्लीत बोर्ड लावून, वर्गणी काढून सिनेमा दाखवायचा म्हणजे वेगळी परवानगी लागते, ओटीटीच्या घरगुती पॅकमध्ये ते बसत नाही.

टप्पा ८: आदल्या रात्री तालीम

तालमीला फक्त घरातला एक माणूस सोबत घ्या, पोरांना सांगू नका. सगळं उद्यासारखंच लावा आणि या क्रमानं बघा:

१. मशीन पडद्यासमोर बरोबर मध्यावर, लेन्स सरळ. चित्र वाकडं दिसलं तर आधी मशीन हलवा, कीस्टोन (मेनूतनं चित्र सरळ करायची सोय) सगळ्यात शेवटी. कीस्टोननं चित्र सरळ होतं पण बारीकपणा जातो.

२. फोकस. चालू केल्यावर एकदा आणि मशीन तापल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी परत एकदा. पहिल्यांदा केलेला फोकस थोडा हलतोच.

३. सबटायटल लावून शेवटच्या रांगेत जाऊन वाचा.

४. ओठ आणि आवाज, बोलण्याच्या सीनवर.

५. मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरवर जाताना मशीन बंद पडून परत सुरू होतंय का ते बघा. होत असेल तर करंट गेल्यावर रिमोट कुणाच्या हातात असेल ते ठरवून ठेवा.

६. रात्री १० वाजता खाली लावलेल्या बाइकच्या सीटवर हात फिरवा. ओली लागली तर उद्याही त्याच सुमाराला दव येणार असं धरा.

टप्पा ९: बसायची सोय

थंडी वरनं कमी आणि खालनं जास्त लागते. स्लॅब तासाभरात गार पडतो आणि ते गार अंगात चढतं. आधी ताडपत्री, त्यावर चटई, त्यावर जमखाना, मग गादी. नुसती गादी टाकली की ओलावा धरते आणि दोन दिवस वाळत नाही. घोंगडं असेल तर काढा, दवाला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. लहान पोरं आणि आज्जी-आज्जोबांना कानटोपी सिनेमा सुरू व्हायच्या आधी, शिंका सुरू झाल्यावर नाही.

पहिली रांग पडद्याच्या रुंदीच्या दीडपट मागं. मशीन माणसांच्या जवळच येतंय, त्यामुळं त्याच्या पुढं उंच माणूस आणि खुर्ची नको, पोरं खाली. मशीनच्या मागं आणि दोन्ही बाजूंना हात-दीड हात मोकळं ठेवा, पंख्याला हवा लागते. त्यावर शाल टाकणारी काळजीवाहू माणसं घराघरात असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

शेगडी पेटवायची तर उघड्यावर, वायर आणि पडद्यापासून लांब, आणि धूर मशीनकडं जाणार नाही अशा बाजूला. ताडपत्रीच्या मांडवाखाली किंवा जिन्याच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, कोळशातनं निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

खायला अंधारात चालेल असं ठेवा. भडंग कागदाच्या कोनात, भाजलेली रताळी, फ्लास्कमध्ये चहा. आपल्या भागात रताळ्याचं पीक भरपूर, थंडीत बाजारात ढीग असतात, निखाऱ्यात टाकली की झालं. उकडलेल्या शेंगांना टरफलासाठी वेगळं भांडं द्या. मिरची भजी इंटरव्हलला, दिवा लावून, आणि हात पुसल्याशिवाय रिमोट कुणाला द्यायचा नाही.

टप्पा १०: त्या दिवशीचं वेळापत्रक

डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य मावळतो आणि सातला पुरता अंधार होतो. जेवून बिवून नऊला सिनेमा लावायचा हा बेतच चुकीचा, दवाची वेळ आणि सिनेमाची वेळ एकच होते.

४ वाजता चौकट आणि पडदा. साडेपाचला वायर, बोर्ड, स्पीकर. साडेसहाला मशीन वर आणून चालू. ७ ला सिनेमा सुरू, सव्वा आठला इंटरव्हल आणि फोकस परत बघणं, साडेनऊला संपला पाहिजे. तीन तासाचा सिनेमा असेल तर दोन शनिवारी बघा नाहीतर उन्हाळ्यावर ठेवा.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री दव जास्त, कारण उघड्यावरच्या वस्तू भराभर गार पडतात आणि हवेतला ओलावा त्यांच्यावर बसतो. खानापूरकडं आणि मलप्रभा, घटप्रभेच्या काठाला धुकंही लवकर येतं, तिथं अजून अर्धा तास आधी संपवा. मशीन चालू असेपर्यंत ते गरम असतं म्हणून त्यावर दव बसत नाही. बसतं ते बंद करून तसंच सोडल्यावर.

टप्पा ११: आवरणं, त्याच रात्री

सिनेमा संपला की सगळे झोपायला पळतात आणि "सकाळी बघू" म्हणतात. सकाळी स्पीकर ओला, बोर्ड ओला. हा क्रम धरा: मशीन बंद, पंखा थांबू द्या, तोवर बोर्डाचं बटण बंद करू नका. मग मशीन वरच पिशवीत घालून चेन लावा आणि खाली नेल्यावर तासभर उघडू नका. गार मशीन एकदम गरम स्वयंपाकघरात उघडलं की लेन्सवर वाफ धरते. मग बोर्ड, वायर, स्पीकर खाली.

पडदा रात्री सोडवायला जमलं नाही तर निदान खालची बाजू मोकळी करून ठेवा, पहाटे वारा सुटला तर चौकट वाचते. सकाळी दहाच्या उन्हात पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा. ओला गुंडाळलेला पडदा पुढच्या शनिवारी काळ्या ठिपक्यांचा निघतो आणि ते डाग धुऊन जात नाहीत. महिन्यातनं एकदा मशीनच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशनं झाडा. शेताजवळ, मळणीच्या दिवसात आठवड्याला.